संध्याकाळच्या पेंटेकॉस्टल भक्तीला पहिल्यांदा जाताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: माहेर-सासर दोन्हीकडे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), लहानपणापासून नागपुरात सदरच्या चर्चमधली उपासना अंगवळणी पडलेली. ऑफिसातल्या मैत्रिणीने इंदोऱ्याच्या बाजूला असलेल्या तिच्या पेंटेकॉस्टल मंडळीत रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या भक्तीला बोलावलं आहे. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू) आणि आठ वर्षांचा मुलगा. तिथे उपासनेचं पुस्तक नसतं, उपासनासंगीत (गीतांचं पुस्तक) नसतं, सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, काही जण पडतातही, असं कानावर आलं आहे. तर तिथे आम्ही काय करायचं आणि काय नाही केलं तर चालेल?

ताई, पुस्तक नसतं हे खरं. पण क्रम नसतो हे खरं नाही. क्रम फक्त छापलेला नसतो. तो गाणी चालवणाऱ्याच्या हाताच्या खुणेत आणि कीबोर्डवाल्याच्या बोटांत असतो. आणि पाहुण्याकडून तिथे आदराची अपेक्षा असते, नकलेची नाही. या दोन गोष्टी धरून ठेवल्या तर तुम्ही तिघंही दोन-अडीच तास निवांत बसाल.

ही पद्धत परकी वाटते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ती इतकी परकी वाटायला नको. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली उज्जीवन (रिव्हायव्हल, म्हणजे विश्वासाची नवी जागृती) झालं, तेव्हा तिथल्या मुली तासन्‌तास एकत्र, मोठ्या आवाजात, रडत प्रार्थना करत होत्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांपासून पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात सहसा सांगतात, त्या १९०६ च्या. म्हणजे केडगाव आधीचं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, त्या सहांत पेंटेकॉस्टल नव्हते. त्यांची वाट वेगळीच राहिली. छापील उपासनाविधी नाही, बाळांचा बाप्तिस्मा नाही, आणि प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टला) जे घडलं, म्हणजे पवित्र आत्मा उतरून शिष्य अन्य भाषांत बोलू लागले, ते आजही घडतं, यावर त्यांचा सगळा भर.

जायच्या दोन दिवस आधी मैत्रिणीला फोन करा आणि चार गोष्टी विचारून घ्या. पेंटेकॉस्टल म्हणजे एकच एक मंडळी नव्हे. एका पाळकाकडे जे चालतं ते दुसऱ्याकडे चालत नाही, म्हणून हा फोन महत्त्वाचा. पहिलं, त्या दिवशी नेहमीची भक्ती आहे की उपवास-प्रार्थना, उज्जीवन सभा किंवा रोग्यांसाठी प्रार्थनेची सभा आहे? पहिल्या भेटीला नेहमीची भक्ती निवडा. विशेष सभेत गर्दी दुप्पट, आवाज दुप्पट आणि वेळेचा भरवसा नाही; बाहेरून वक्ता आलेला असला तर नऊलाही संपत नाही. दुसरं, भाषा कोणती? नागपुरात हिंदी-मराठीची सरमिसळ नेहमीची. केरळ किंवा आंध्रकडून आलेल्या कुटुंबांची मंडळी असेल तर मलयाळम किंवा तेलुगूतून संदेश आणि हिंदीतून भाषांतर असंही होतं. तिसरं, त्या संध्याकाळी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) आहे का? चौथं, खुर्च्या आहेत की सतरंजीवर बसायचं?

पत्ता विचारताना फक्त मॅपवरची खूण मागू नका. यातल्या कितीतरी मंडळ्या दुकानांवरच्या पहिल्या मजल्यावर, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. बोर्ड लहान असतो आणि अंधारात दिसत नाही. डिसेंबरात तर पावणेसहालाच सूर्य बुडालेला असतो. कोणत्या दुकानाच्या बाजूने जिना आहे, जिन्याला कठडा आहे का, पायऱ्या किती, हे सासूबाईंसाठी विचारा. मेट्रोने जायचं तर ऑरेंज लाइनवर गड्डीगोदाम, कडबी चौक, इंदोरा चौक ही स्टेशनं ओळीने आहेत, पण परतीची शेवटची गाडी कितीला आहे ते आधी बघून ठेवा. नाहीतर मैत्रिणीलाच सांगा की ओळखीचा ऑटोवाला ठरवून दे.

पोटात काहीतरी घालून जा. संध्याकाळची भक्ती आपल्या सकाळच्या उपासनेसारखी सव्वा तासात आटपत नाही. साडेसहा म्हटलं की सव्वासहालाच काही जण गुडघ्यावर असतात, साडेसहाला गाणी सुरू होतात, सातपर्यंत लोक येत राहतात. संदेश सुरू व्हायला साडेसात होतात, साडेआठच्या पुढे प्रार्थना, आणि नऊ-सव्वानऊला आशीर्वाद. दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं आहेत (ध्वनिप्रदूषण नियम, २०००), त्यामुळे वस्तीतल्या मंडळ्या त्याआधी आवरतात. मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, "आम्ही पावणेनऊला निघू." आधी सांगितलं की निघताना कुणाला वाईट वाटत नाही.

कपड्यांचं सोपं आहे. साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता. प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, त्याला आधार १ करिंथ ११:५ चा. तुमच्या चर्चमध्ये ही चाल नसली तरी तिथे पदर घ्या, बरं दिसतं. घसरत्या सिल्कपेक्षा सुती ओढणी घ्या, हात वर केले की सिल्क खाली येते. पुरुष प्रार्थनेला टोपी काढतात. केरळी वळणाच्या मंडळ्यांत सभासद पांढरे कपडे घालतात आणि सोनं अंगावर घालत नाहीत. पण तो त्यांचा सभासदांसाठीचा नेम आहे. तुमचं मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवायची गरज नाही आणि तशी कुणी अपेक्षाही ठेवत नाही. फक्त लग्नाला निघाल्यासारखं सजून जाऊ नका.

चपला कुठे काढायच्या हे दारात पोहोचल्यावर कळतं: ढीग दिसला की काढायच्या, नाही दिसला की नाही. ढिगात ठेवण्यापेक्षा कापडी पिशवीत घालून जवळ ठेवा. सव्वानऊला अंधारात शंभर जोड्यांत आपली जोडी शोधताना वृद्ध माणसाचा तोल जातो. थंडीत सासूबाईंना मोजे घालून न्या, फरशी गार असते. सतरंजीची बैठक असली तरी भिंतीकडेला पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवलेल्याच असतात. दारातल्या स्वयंसेवकाला "आईंना खुर्ची पाहिजे" म्हणा, लगेच मिळते.

बसायची जागा विचारपूर्वक निवडा, कारण पुढचे दोन तास त्यावर अवलंबून आहेत. बऱ्याच ठिकाणी बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, आठ वर्षांचा मुलगा आईजवळ चालतो. पुढून साधारण दोन तृतीयांश मागे, मधल्या वाटेच्या कडेची जागा घ्या. अगदी शेवटची रांग नको. तिथे येणारे-जाणारे, रडणारी बाळं आणि कधीकधी मागचा जादाचा स्पीकर असतो. स्पीकरच्या रोखातली जागा टाळा. उन्हाळ्यात कूलरच्या तोंडाशी बसू नका. गार वाटतं, पण त्याच्या घरघरीत भाषांतर करणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असेल तर स्टँडवरचा कॅमेरा कुठे रोखला आहे ते बघा आणि त्याच्या चौकटीबाहेर बसा.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण टिनाच्या शेडमध्ये दोन मोठे स्पीकर, ऑक्टोपॅड आणि शंभर माणसांच्या टाळ्या म्हणजे पुष्कळ आवाज. कानांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. औषधाच्या दुकानात मऊ फोमचे कानातले बोळे मिळतात. मुलासाठी एक जोडी पर्समध्ये ठेवा. बोळा बोटांत गोल पिळून बारीक करायचा, कान वरून किंचित मागे ओढायचा, बोळा आत घालायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता कापूस घातल्याने फारसा फरक पडत नाही. बोळे घातलेत म्हणून कुणी रागवत नाही.

आता क्रम. सुरुवात प्रार्थनेने, आणि इथेच नवा माणूस गोंधळतो. आपल्याकडे पाळक प्रार्थना करतात आणि आपण आमेन म्हणतो. इथे पुढचा माणूस "चला, सगळे मिळून प्रार्थना करू" म्हणतो आणि शंभर माणसं शंभर प्रार्थना एकाच वेळी मोठ्याने करू लागतात. कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न तिथे नसतो. प्रत्येक जण आपापली प्रार्थना करतो. तुम्ही डोळे मिटून मनात प्रभूची प्रार्थना म्हटलीत तरी पुरे. चालवणारा आवाज चढवून "येशूच्या नावाने" म्हणाला की दोन-तीन सेकंदांत सगळे "आमेन"वर येतात.

मग स्तुती-आराधना, तीस ते पंचेचाळीस मिनिटं. हे दोन वेगळे भाग आहेत. स्तुती म्हणजे जलद गाणी, टाळ्या, ढोलक. आराधना म्हणजे संथ गाणी, मिटलेले डोळे, वर उचललेले हात. शब्द पडद्यावर येतात किंवा येतही नाहीत, पण एकच ओळ पाच-सात वेळा म्हणतात, त्यामुळे दुसऱ्या फेरीला तुम्हीही म्हणू शकता. सगळा वेळ उभं राहायची चाल आहे, सक्ती नाही. सासूबाईंनी बसूनच राहावं, आणि हे मी आग्रहाने सांगतो. बीपीची गोळी, उकाडा, रिकामं पोट आणि चाळीस मिनिटं एका जागी उभं राहणं, एवढ्यावर चक्कर यायला दुसरं काही लागत नाही. शिवाय अशा ठिकाणी चक्कर येऊन पडलेलं माणूस अभिषेकाने (पवित्र आत्म्याच्या स्पर्शाने) पडलं असं समजून आजूबाजूचे प्रार्थनाच करत राहतात. चेहरा पांढरा पडला, गार घाम आला, तर स्पष्ट सांगा, "यांना चक्कर आली आहे, हवा येऊ द्या." आडवं करा, पाय उशीभर उंच ठेवा, पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पाणी द्या.

आराधनेच्या शेवटी कीबोर्डवर एकच स्वर धरून ठेवतात, ढोलक थांबतो, गाण्याचे शब्द संपतात, आणि हॉलभर एक गुंजन सुरू होतं. या वेळी तुम्हाला न समजणारे उच्चार ऐकू येतील. हीच अन्य भाषेतली प्रार्थना. पेंटेकॉस्टल शिकवणीत तिचे दोन प्रकार मानतात: एक माणसाची देवाशी खाजगी प्रार्थना, ती सगळे एकदम करतात, दुसरा मंडळीसाठी संदेश. एक जण मोठ्याने बोलू लागला आणि बाकीचे आपोआप शांत झाले, तर तो संदेश समजावा. त्यानंतर कुणीतरी मराठीत किंवा हिंदीत अर्थ सांगतं. १ करिंथ १४:२७-२८ मध्ये पौलाने नियमच घालून दिला आहे: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. चांगली मंडळी हा नियम पाळते. तुम्ही शांत उभं राहायचं, एवढंच. "जिभेला सैल सोडा, हालेलुया भरभर म्हणत राहा" असं कुणी शेजारी शिकवू लागलं तर हसून नाही म्हणा. अन्य भाषेचं हे दान शिकवून येतं असं पेंटेकॉस्टल शिकवणही म्हणत नाही.

मुलाला हे सगळं घरीच सांगून ठेवा: तिथे मोठी माणसं रडतील, त्यांना कुणी मारलेलं किंवा दुखलेलं नसतं, ती देवाशी बोलत असतात. न सांगता नेलेलं मूल घाबरतं आणि पुढे कित्येक दिवस तेच विचारत राहतं. बाजूच्या खोलीत मुलांचा वर्ग असला तरी पहिल्या दिवशी त्याला आपल्याजवळच ठेवा.

मग साक्षी. दोन-तीन जण उठून आपल्या आयुष्यात प्रभूने काय केलं ते सांगतात. याच सुमारास "नवीन कोण आलं आहे?" असं विचारतात. उभं राहा, नाव आणि आपलं चर्च सांगा, "प्रेज द लॉर्ड" म्हणा आणि बसा. दहा सेकंदांचं काम आहे. तुमच्याकडे "सलाम" म्हणतात, इथे "प्रेज द लॉर्ड" किंवा "जय मसीह की" ऐकू येईल. ज्याने जे म्हटलं तेच त्याला परत म्हणायचं. उभं राहायचं नसेल तर मैत्रिणीला आधी सांगा, ती हाताने खूण करून थांबवेल.

दानार्पणाला पिशवी फिरते, पेटी असते किंवा भिंतीवर क्यूआर कोड असतो. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) सभासदांसाठी आहे, पाहुण्यावर काहीही बंधन नाही. द्यायचं तर सुटे पैसे घरूनच काढून ठेवा. पिशवी पुढे सरकवली तरी चालतं. "आज पेरा म्हणजे महिन्याभरात शंभरपट मिळेल" असं व्यासपीठावरून रक्कम ठरवून मागू लागले, तर पाकीट बंदच ठेवा. मलाखी ३:१० वाचून दशमांश शिकवणं वेगळं आणि आजाऱ्याकडून बरं होण्याचा भाव घेणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला पवित्र शास्त्रात थारा नाही.

संदेश पाऊण ते सव्वा तासाचा. भाषांतर असेल तर वाक्यावाक्याला थांबत जातो, म्हणून लांबतो. आपलं पवित्र शास्त्र न्या आणि वक्ता हिंदीत बोलत असेल तर पुस्तकांची नावं आधी एकदा डोळ्यांखालून घाला. इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. हिंदीतलं प्रेरितों के काम म्हणजे आपलं प्रेषितांची कृत्ये, भजन संहिता म्हणजे स्तोत्रसंहिता, नीतिवचन म्हणजे नीतिसूत्रे, प्रकाशितवाक्य म्हणजे प्रकटीकरण, हे अंदाजाने कळतं. यूहन्ना म्हणजे योहान, मरकुस म्हणजे मार्क, याकूब की पत्री म्हणजे याकोबाचं पत्र, हेही जमतं. पण गिनती म्हटल्यावर गणना आणि व्यवस्थाविवरण म्हटल्यावर अनुवाद उघडायचं, हे चटकन सुचत नाही; श्रेष्ठगीत म्हणजे आपलं गीतरत्न. वक्ता अध्याय-ओवी दोनदा सांगून लगेच वाचायला लागतो, तुम्ही पानं चाळत राहता. यादी एका चिठ्ठीवर लिहून शास्त्रात ठेवा. मधूनमधून लोक "आमेन", "हालेलुया" म्हणतात. तो अडथळा नव्हे, ते ऐकत असल्याची खूण आहे.

प्रभुभोजन असलं तर इथे जरा जपून. आपल्याकडे बाळपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं की प्रभुभोजनाला पात्र. पेंटेकॉस्टल मंडळी समजत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने, पाण्यात बुडवून घेतलेलाच बाप्तिस्मा मानते, आणि काही ठिकाणी तेवढ्यांनाच प्रभुभोजन देतात, काही ठिकाणी "ज्यांनी येशूला स्वीकारलं आहे ते सगळे" म्हणतात. म्हणून फोनवरच विचारायचं. विचारायचं राहिलं, तर ताट समोर आल्यावर हात जोडून पुढे जाऊ द्या. ताटात भाकरीचे तुकडे आणि घोटभर द्राक्षरसाचे लहान प्याले असतात. मुलाला खाऊ म्हणून देऊ नका, त्यांना ते फार लागतं. तुमच्या दृढीकरणाला कुणी कमी लेखतंय असं मनाला लावून घेऊ नका. हा दोन मंडळ्यांच्या शिकवणीतला जुना फरक आहे, तुमच्यावरचा शेरा नाही.

सगळ्यात लक्ष देऊन ऐकायची वेळ संदेशानंतर येते. दिवे थोडे मंद होतात, कीबोर्ड परत सुरू होतो, पाळक डोळे मिटायला सांगतात आणि आवाहन करतात: "हात वर करा", "पुढे या." कशासाठी बोलावत आहेत ते पूर्ण ऐकल्याशिवाय हात वर करू नका. एकामागून एक तीन-चार आवाहनं होतात: तारणासाठी, पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यासाठी, आजारासाठी, घरच्या अडचणीसाठी. होतं असं की सासूबाईंच्या गुडघ्यासाठी म्हणून सून हात वर करते, पण ते आवाहन तारणाचं असतं. मग नाव लिहून घेतात आणि दोन दिवसांनी बाप्तिस्म्याच्या वर्गाला कधी येता म्हणून फोन येतो. त्यात फसवणूक नसते, त्यांनी हाताचा जो अर्थ लावायचा तोच लावलेला असतो. चूक झालीच तर तिथल्या तिथे सांगा: "मी आईंच्या प्रार्थनेसाठी हात वर केला होता."

हात ठेवून प्रार्थना घ्यायची असेल तर जरूर घ्या. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी हे याकोब ५:१४ मध्ये आहे, आपल्याही पाळकांना ते ठाऊक आहे. पण सासूबाईंना रांगेत उभं करू नका. "त्यांना खुर्चीतच प्रार्थना द्या, गुडघ्याचा त्रास आहे" एवढं स्वयंसेवकाला सांगा, पाळक किंवा त्यांच्या पत्नी जागेवर येतात. कपाळावर अंगठ्याने थेंबभर तेल लावतात, म्हणून चष्मा आधीच काढून हातात धरा. बाईसाठी बाईनेच प्रार्थना करावी असं वाटत असेल तर तेही मागता येतं, आणि बहुतेक मंडळ्या ते स्वतःहून पाळतात.

पडण्याबद्दल तुम्ही विचारलंत. प्रार्थनेत पडणाऱ्याला ते देवाचा स्पर्श मानतात. मी त्यावर वाद घालणार नाही. पडण्याची शारीरिक बाजू मात्र माहीत असावी. उभं माणूस डोळे मिटून, मान मागे टाकून पडतं तेव्हा ते सरळ मागे जातं, म्हणून डोकं आधी आपटण्याचा धोका असतो. त्यासाठी मागे अर्धं पाऊल अंतरावर धरणारे उभे असतात, काखेखाली हात देऊन हळूच टेकवतात, बायकांवर चादर टाकतात. गडबड होते ती रांग लांब आणि धरणारे दोनच असले, मागच्या खुर्च्या हटवलेल्या नसल्या, किंवा माणूस आडवं कललं तर. तुम्ही स्वतः रांगेत गेलात आणि पडायचं नसेल, तर पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहा, डोळे उघडे ठेवा, एक पाय किंचित मागे घ्या. कपाळावरच्या हाताचा दाब वाढतोय असं वाटलं तर एक पाऊल मागे सरका आणि "आमेन" म्हणा. याने प्रार्थना कमी होत नाही, आणि न पडणाऱ्याचा विश्वास कमी असतो असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

औषधाबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे येणार नाही. प्रार्थनेनंतर बरं वाटलं तरी बीपीची, साखरेची, फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. लूक १७:१४ मध्ये येशूने कुष्ठरोग्यांना "जाऊन स्वतःला याजकांना दाखवा" असं सांगितलं, कारण बरं झालं की नाही हे तपासून सांगणं त्या काळी याजकांचं काम होतं. आज ते काम डॉक्टरांचं आहे. व्यासपीठावरून "गोळ्या फेकून द्या" असं सांगत असतील तर त्या मंडळीत पुन्हा जाऊ नका. भूत काढायच्या नावाखाली मारहाण तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असं काही दिसलं तर मुलाला घेऊन तिथून लगेच निघा आणि पोलिसांना कळवा.

कधीकधी कुणी जवळ येऊन थेट तुम्हालाच सांगतं: "प्रभू तुम्हाला सांगतो आहे की..." भविष्यवाणीचा तुच्छकार करू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा, असं १ थेस्सलनीका ५:२०-२१ सांगतं. शांतपणे ऐका, आभार माना, घरी येऊन लिहून ठेवा, आपल्या पाळकांशी बोला. त्याच्या जोरावर नोकरी सोडणं, लग्न ठरवणं किंवा प्लॉट घेणं नको.

लवकर निघायचं तर त्याची एकच सोयीची वेळ आहे: संदेश संपून आवाहनाचं गाणं सुरू होतं तेव्हा. त्या वेळी लोक उठत-बसत असतात. प्रार्थनेची रांग लागल्यावर मधली वाट भरते, आणि खाली टेकलेल्या माणसांमधून वृद्धेला घेऊन बाहेर पडणं अवघड होतं. शेवटपर्यंत थांबलात तर आशीर्वादानंतर चहा असतो. तो घ्या, पाळकांना भेटा. मोबाइलवर काही टिपू नका, विशेषतः रडणाऱ्या किंवा प्रार्थना घेणाऱ्या माणसांचं. त्यांच्या घरच्यांना त्यांनी सांगितलेलं असेलच असं नाही.

जाताना पाहुण्यांचं कार्ड भरायला देतील: नाव, पत्ता, फोन, प्रार्थनेचा विषय. फोन लिहिला की दोन-तीन दिवसांत फोन येणार आणि पुढच्या आठवड्यात कुणी भेटायला येऊ का विचारणार, हे गृहीत धरा. नको असेल तर फक्त नाव आणि "सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करा" एवढंच लिहा. फोन आलाच आणि तुम्हाला आपल्याच चर्चमध्ये राहायचं असेल, तर पहिल्याच वेळी सांगा: "भक्ती आवडली, पण आमची मंडळी सदरची आहे, आम्ही तिथेच असतो." "बघू, येऊ कधीतरी" म्हणालात तर ती माणसं खरंच वाट बघतात आणि रविवारी तुमच्यासाठी तीन खुर्च्या राखून ठेवतात.